डोळे चुरचुरतात, मग स्प्रे नाकात का?

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक, मग सुरू करू.

दवाखान्यात मला वरचेवर ऐकू येणाऱ्या एका वाक्यापासून सुरुवात करतो. पेशंट समोर बसलेला असतो. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, हातात रुमाल. मी नाकात मारायचा स्प्रे लिहून देतो. तो चिठ्ठी वाचतो, पुन्हा एकदा वाचतो आणि म्हणतो, "डॉक्टर, त्रास डोळ्यांचा आहे हो. नाकाचं एवढं काही नाही." काहीजण हे तोंडावर म्हणतात. काहीजण काही बोलत नाहीत, मान डोलावतात, खाली औषधाच्या दुकानात जातात आणि तिथे डोळ्यांत घालायचे थेंब मागतात. मला काळजी या दुसऱ्या प्रकारच्या पेशंटची जास्त वाटते. का, ते पुढे येईलच.

आजचा विषय एवढाच आहे: हे फीव्हरमध्ये डोळ्यांना जो त्रास होतो, त्यावर नाकातला स्प्रे कसा काय चालतो, किती चालतो आणि कुठे चालत नाही.

आधी नावाबद्दल दोन शब्द. 'हे फीव्हर' म्हटलं की कोणीतरी विचारतंच, "हे म्हणजे कोणतं?" तर इंग्रजीतलं 'हे' म्हणजे वाळलेलं गवत, गुरांसाठी गंजी रचून ठेवतात ते. आणि फीव्हर म्हणजे ताप. गंमत अशी, की या आजारात ताप येत नाही आणि कारण वाळलेलं गवतही नसतं. इंग्लंडमध्ये गवत कापायचे दिवस आणि गवत फुलोऱ्यावर येण्याचे दिवस साधारण एकच, मे अखेर ते जुलै. फुलोऱ्यातले परागकण वाऱ्यावर उडतात, ते नाकाडोळ्यांत जातात, आणि आळ आला वाळलेल्या गवतावर. आपण मराठीत 'परागज्वर' म्हणतो. त्यात पराग बरोबर आहे, पण ज्वर आलाच! डॉक्टर लोक 'ॲलर्जिक ऱ्हायनायटिस' म्हणतात. त्यातलं 'ऱ्हायनो' म्हणजे नाक. म्हणजे इथे डोळे नावातूनच गळाले.

आणि हे जरा अन्यायाचं आहे, कारण या आजाराची पहिली नीट नोंद डोळ्यांपासूनच सुरू होते. जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी १८१९ साली लंडनमध्ये वैद्यकीय मंडळींपुढे एक निबंध वाचला. रुग्ण कोण, तर ते स्वतः. लहानपणापासून दर जूनमध्ये त्यांचे डोळे पेटायचे, खाजायचे, पाणी गळायचं, मग शिंका आणि मग छाती. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी डोळे आणि छाती या दोघांचा उल्लेख केला, नाकाचा नाही. पुढे १८२८ मध्ये त्यांनी असे आणखी २८ रुग्ण गोळा करून मांडले. कारण मात्र त्यांना सापडलं नाही, त्यांचा संशय उन्हाळ्याच्या उष्म्यावर होता. परागकणांवर बोट ठेवलं ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनी स्वतःच्या नाकात, डोळ्यांत, कातडीवर पराग लावून बघितले, पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून उंचावरच्या हवेतले कण मोजले आणि १८७३ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने छापलं. नंतर १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या लिओनार्ड नून यांनी परागाच्या अर्काची इंजेक्शनं देऊन ॲलर्जी कमी करायचा प्रयत्न केला. उपचाराचा फायदा होतोय का, हे ते कसं मोजायचे? डोळ्यात त्याच अर्काचा थेंब टाकून. किती पातळ केलेल्या थेंबाने डोळा लाल होतो, ते बघायचं. म्हणजे नून यांच्या प्रयोगात डोळा हीच मोजपट्टी होती.

आपल्याकडे हा आजार आहे का? आहे. मुंबई-पुण्यात बारमाही सर्दीवाल्यांमध्ये घरातल्या धुळीतले माइट हे मोठं कारण असतं, पण परागांचा हिशेब वेगळा आहे. पुणेकरांना तर यातला एक मान आहे. गाजर गवत, काँग्रेस गवत, कुठे चटकचांदणी म्हणतात, ते पार्थेनियम भारतात पसरायला लागल्याची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यातून झाली. त्याने अंगाला खाज सुटते हे शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याच्या परागाने नाक-डोळे वाहतात हे बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवून दिलं. हे गवत सूर्यफुलाच्या कुळातलं. अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्याने लोक हैराण होतात ते रॅगवीडही त्याच कुळातलं, जवळचा भाऊबंद. त्यामुळे इथे गाजर गवताची ॲलर्जी असलेला मुलगा तिकडे शिकायला गेला, तर पहिल्याच ऑगस्टमध्ये त्याचे डोळे लाल होऊ शकतात. शरीराला ती ओळख इथूनच झालेली असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परागकणाची ॲलर्जी असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना डोळ्यांचा त्रास असतो. साधा विचार असा, की पराग डोळ्यावर पडला, डोळा चिडला. हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही.

डोळा आणि नाक यांच्यामध्ये दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता पाण्याचा. आज घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा आणि खालची पापणी नाकाच्या बाजूने जराशी बाहेर ओढा. काठावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. डोळ्यातलं पाणी तिथून एका बारीक नळीने नाकात उतरतं. नाकाच्या आत बाजूच्या भिंतीला तीन मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. सर्वांत खालच्या घडीच्या आडोशाला या नळीचं तोंड आहे. म्हणून रडताना नाक गळतं. म्हणूनच डोळ्यात औषध घातलं की दोन मिनिटांनी घशाला कडू लागतं.

हे ऐकल्यावर लोकांना वाटतं, बरोबर, म्हणजे नाकात मारलेला स्प्रे याच नळीने वर डोळ्यात जात असणार. नाही जात. प्रवाह वरून खाली आहे आणि नळीच्या तोंडाशी उलटं पाणी चढू नये म्हणून एक झडपही असते. उलट, डोळ्यावर पडलेला पराग धुऊन नाकात उतरतो, ते शक्य आहे. हां, एक गोष्ट होते. सर्दीने त्या मांसल घड्या फुगल्या की नळीचं तोंड दाबलं जाऊ शकतं, पाणी तुंबतं आणि डोळा भरून वाहतो. स्प्रेने सूज उतरली की तुंबलेलं मोकळं होतं. पण याने पाणी कमी होईल. खाज का कमी व्हावी? लाली का?

मग दुसरी शंका: औषध रक्तात जाऊन डोळ्यापर्यंत पोचत असेल. हीसुद्धा टिकत नाही. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन फ्युरोएट या नव्या पिढीच्या औषधांचा एक टक्का किंवा त्याहून कमी भाग रक्तात पोचतो. बाकीचा काही नाकात काम करतो, बराचसा गिळला जातो आणि यकृत त्याचा निकाल लावतं. एवढ्याशा औषधाने डोळा शांत होणं अवघड.

उरला दुसरा रस्ता, आणि तोच आजचा खरा नायक: मज्जातंतूंचा. एक घरगुती प्रयोग सांगतो, तुमच्यातल्या बहुतेकांनी नकळत केलेला असेल. नाकातला केस उपटला की काय होतं? डोळ्यात टचकन पाणी येतं. आता, डोळ्याला कोणी हात लावला का? नाही. कांद्याचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही, कारण कांद्याची वाफ थेट डोळ्यात जाते. मिरचीच्या फोडणीचंही तसंच. पण नाकातला केस हा निर्भेळ पुरावा आहे. नाक दुखलं, डोळा रडला.

हे कसं होतं? नाकाच्या आतल्या त्वचेतून संवेदना नेणारी नस आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरून संवेदना नेणारी नस, या दोन्ही एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणारी पाचवी नस. तिच्यावरून "नाकात काहीतरी बिनसलंय" असा निरोप मेंदूच्या देठापर्यंत जातो. तिथून उलट निरोप निघतो तो सातव्या नसेच्या एका फांदीवरून. नाकाच्या मागच्या बाजूला नसांचं एक छोटं जंक्शन आहे, तिथे गाडी बदलते आणि निरोप दोन ठिकाणी जातो: नाकातल्या ग्रंथींना आणि डोळ्यातल्या अश्रुग्रंथीला. हे सगळं आपल्या इच्छेबाहेर, क्षणात. याला नाक-डोळा प्रतिक्षेप म्हणा. धूळ, धूर, किडा नाकात गेला की नाक आणि डोळे दोघांनी मिळून धुऊन काढायचं, अशी ही मूळची व्यवस्था. चांगलीच आहे. परागाची ॲलर्जी झाली की हीच व्यवस्था दिवसभर विनाकारण चालू राहते.

आता म्हणाल, केस उपटणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. अगदी योग्य शंका. ही तपासली शिकागो विद्यापीठातल्या फुआद बरूदी आणि रॉबर्ट नॅक्लेरियो यांच्या गटाने. त्यांचा निबंध २००८ मध्ये आला. परागांची ॲलर्जी असलेले लोक घेतले, पण हंगाम नसताना, म्हणजे हवेत पराग नाहीत, डोळे शांत आहेत. मग नाकपुडीच्या आत ॲलर्जीचा अर्क लावलेली कागदाची छोटी चकती ठेवली. एकाच नाकपुडीत. डोळ्याला काही लावलं नाही. काय झालं? शिंका आल्या, दुसऱ्या नाकपुडीतूनही पाणी आलं, आणि डोळे खाजायला व गळायला लागले. म्हणजे पराग डोळ्याच्या जवळपासही गेला नाही आणि डोळ्याला हे फीव्हर झालं.

मग त्यांनी पुढचं केलं. चकती ठेवण्याआधी त्याच नाकपुडीत ॲझेलास्टिनचा, म्हणजे ॲलर्जीविरोधी औषधाचा फवारा मारला. डोळ्यांचा त्रास कमी झाला. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, याच गटाने आधी काही दिवस नाकात फ्लुटिकासोन फ्युरोएटचा स्टिरॉइड स्प्रे देऊन तोच प्रयोग केला. पुन्हा डोळ्यांची प्रतिक्रिया मंदावली. मला हे प्रयोग फार आवडतात. साधे, स्वस्त, आणि प्रश्नाच्या मुळावर घाव घालणारे.

यात आणखी एक पदर आहे. तो नीट समजला की स्प्रे कसा वापरायचा हे आपोआप कळतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत जॉन कॉनेल यांनी रॅगवीडच्या ॲलर्जीवाल्यांना रोज मोजून पराग नाकात दिले. पहिल्या दिवशी त्रास व्हायला खूप पराग लागले. पण रोज देत गेल्यावर आठवड्याभरात त्याच माणसाला फार थोड्या परागांनी तेवढाच त्रास व्हायला लागला. म्हणजे नाक 'तापत' जातं. सूज साठते, दाहाच्या पेशी गोळा होतात, आणि नसांची टोकं इतकी हळवी होतात की किरकोळ कारणानेही निरोप सुटतो. हंगामाच्या शेवटी पराग कमी झालेले असतात आणि लोक म्हणतात, "आता तर जास्तच होतंय." त्याचं हे एक कारण.

स्टिरॉइड स्प्रे काम करतो तो इथे. तो आलेला निरोप मध्येच तोडत नाही. तो नाकाला तापूच देत नाही. म्हणूनच तो डोळे खाजायला लागल्यावर एकदा मारून उपयोगाचा नाही. पहिला परिणाम दिसायला साधारण अर्धा दिवस लागतो, पूर्ण परिणामाला काही दिवस, कधी दोन आठवडे. ज्यांचा हंगाम ठरलेला आहे त्यांनी तो हंगामाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करावा आणि हंगामभर रोज घ्यावा, बरं वाटत असलं तरी. लोक इथेच चुकतात. तीन दिवस मारतात, "काही फरक नाही" म्हणून बाटली कपाटात ठेवतात. पुढच्या वर्षी तीच बाटली सापडते, तोवर मुदत संपलेली असते!

'स्प्रे' म्हणजे सगळे एकच नव्हेत, हे मात्र नीट लक्षात घ्या. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं वाचा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड. ॲझेलास्टिन हे ॲलर्जीविरोधी, पंधरा-वीस मिनिटांत काम सुरू करतं, चव मात्र कडूजहर. काही स्प्रेमध्ये दोन्ही एकत्र असतात. आणि तिसरा प्रकार ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन. नाक चोंदलं की दुकानदार पटकन देतो तो. त्याने मिनिटात नाक मोकळं होतं, म्हणून लोकांना तोच खरा वाटतो. पण तो फक्त रक्तवाहिन्या आवळतो. तीन ते पाच दिवसांपलीकडे मारत राहिलात की नाक त्याच्याशिवाय उघडेनासं होतं. वर्षानुवर्षं उशीखाली ती बाटली ठेवून झोपणारे लोक मी पाहिले आहेत. डोळ्यांसाठी जे मी बोलतोय ते या स्प्रेबद्दल नाही.

स्टिरॉइड म्हटल्यावर दोन-चार चेहरे बदलले, दिसलं मला. हिशेब सांगतो. मोमेटासोनचे दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोनची एक साधी गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, आणि ती जवळजवळ सगळी रक्तात जाते. दोन औषधांची ताकद वेगवेगळी, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण अंदाज येतो. बेक्लोमेथासोन जुनं आहे, ते रक्तात बऱ्यापैकी जातं. लहान मुलांची उंची त्याने किंचित कमी वाढल्याचं दिसलेलं आहे. म्हणून मुलांना नवी औषधं, कमीत कमी मात्रेत, आणि उंचीवर लक्ष ठेवून.

आता मारायचा कसा. हसू नका, निम्मं अपयश इथलं असतं. बाटली हलवा. नवी असेल तर आधी हवेत काही फवारे मारून घ्या, धुकं दिसेपर्यंत. नाकात शेंबूड भरलेला असेल तर आधी साफ करा. मान मागे टाकू नका, जरा पुढे झुका, पायाच्या बोटांकडे बघितल्यासारखं. आणि उजवी नाकपुडी असेल तर डावा हात, डावी असेल तर उजवा. का? कारण असं धरलं की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. त्याच हाताने मारलंत की फवारा मधल्या पडद्यावर बसतो. औषध वाया जातं, पडदा कोरडा पडतो आणि रक्त येतं. मग पेशंट म्हणतो, "स्प्रेने घोळणा फुटला." घोळणा स्प्रेने नाही फुटला, नेमाने फुटला. फवारा मारताना हळू श्वास घ्या. जोरात सूं करून ओढलंत आणि घशात चव लागली, तर समजा की औषध नाकात न थांबता पोटात गेलं.

आता याची मर्यादा सांगायला हवी, नाहीतर मी स्प्रेचा विक्रेता ठरेन. चाचण्यांमध्ये डोळ्यांचा त्रास मोजायची एक रीत आहे. खाज आणि जळजळ, पाणी, लाली, या तिन्हींना शून्य ते तीन गुण, एकूण नऊ. फ्लुटिकासोन फ्युरोएटच्या मोठ्या चाचण्यांत खऱ्या स्प्रेने नकली स्प्रेपेक्षा साधारण अर्ध्या-पाऊण गुणाचा जास्त फायदा दिसला. खरा, पुन्हा पुन्हा दिसलेला, पण डोंगराएवढा नाही. १९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १६ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. नाकाच्या बहुतेक त्रासांसाठी स्टिरॉइड स्प्रे ॲलर्जीच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरला. डोळ्यांसाठी दोघांत लक्षणीय फरक दिसला नाही. काहीजण हे वाचून म्हणतात, म्हणजे डोळ्यांसाठी स्प्रेचा उपयोग नाही. मी उलटं वाचतो. डोळ्यांना अजिबात न शिवणारं, रक्तात न जाणारं औषध जर डोळ्यांसाठी अख्ख्या शरीरभर फिरणाऱ्या गोळीची बरोबरी करतंय, तर ज्याला नाक आणि डोळे दोन्हींचा त्रास आहे त्याने आधी तेच घ्यावं. आणि हे फीव्हरमध्ये बहुतेकांना दोन्हींचा असतो.

पण डोळ्यावर थेट पडणारा पराग तर उरतोच. त्याचा बंदोबस्त नाकातून होणार नाही. त्यासाठी गॉगल, बाहेरून आल्यावर तोंड-डोळे गार पाण्याने धुणं, गार पाण्याची पट्टी, आणि लागलंच तर ओलोपॅटाडिन किंवा किटोटिफेनसारखे ॲलर्जीविरोधी थेंब. ते मिनिटांत काम करतात. नुसते डोळेच खाजत असतील, नाक पूर्ण स्वच्छ असेल, तर हे थेंबच पहिले. तिथे स्प्रे हवाच असा माझा हट्ट नाही.

आता सुरुवातीला म्हटलेली काळजी. तो न बोलता खाली उतरलेला पेशंट दुकानात जातो आणि म्हणतो, "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या." त्याला पुष्कळदा जे मिळतं ते स्टिरॉइडचे थेंब असतात, डेक्सामेथासोन किंवा त्याच्या जातीचे, बरेचदा अँटिबायोटिकबरोबर मिसळलेले. कायद्याने ते चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत. पण ते मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आणि ते जादूसारखे चालतात! दुसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र. म्हणून माणूस पुढच्या वेळी तीच बाटली मागतो. मुलाला घालतो. शेजारणीला देतो.

नाकातल्या स्टिरॉइडचा डोळ्यात जवळजवळ काही जात नाही. हा मात्र थेट डोळ्यातच घातलेला. काही आठवडे असे थेंब रोज घातले तर साधारण तीनातल्या एका माणसाच्या डोळ्यातला दाब वाढतो, काहींचा बराच वाढतो. वाढलेला दाब दुखत नाही. दिसायला काही फरक वाटत नाही. आतल्या आत दृष्टीची नस मरत जाते, कडेची नजर आधी जाते, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. त्यात मोतीबिंदूही लवकर होतो. डोळ्याला नागिणीचं किंवा बुरशीचं इन्फेक्शन असेल तर हे थेंब आगीत तेल. आपल्याकडे लहान मुलांना, मुलग्यांना जास्त, उन्हाळ्यात डोळ्यांची एक जबरदस्त ॲलर्जी होते. चिकट धाग्यासारखा स्राव, उजेड सहन न होणं, वरच्या पापणीच्या आत खरबरीत गाठी. ते हे फीव्हर नव्हे. तिथे नाकातला स्प्रे पुरणार नाही, नेत्रतज्ज्ञच लागतो. आणि अशाच मुलांना वर्षानुवर्षं दुकानातून थेंब घातले जातात. आठवी-नववीतला मुलगा फळा दिसत नाही म्हणून येतो, आणि तपासल्यावर कळतं की काचबिंदूने बरंच गेलंय. मी नाकाचा डॉक्टर असून या विषयावर व्याख्यान द्यायला तयार झालो, त्याचं कारण ही मुलं.

तेव्हा डोळा दुखत असेल, उजेड खुपत असेल, नजर अंधूक झाली असेल, एकाच डोळ्याला सगळं होत असेल किंवा पिवळा चिकट स्राव असेल, तर ते हे फीव्हर समजू नका आणि माझ्याकडेही येऊ नका. थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

वेळ झाली आहे. दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न: मला काचबिंदू आहे. नाकातला स्टिरॉइड स्प्रे चालेल का?

उत्तर: चालतो, बहुतेकांना. नाकातल्या स्प्रेने डोळ्यातला दाब लक्षणीय वाढतो असं अभ्यासांत सहसा दिसलेलं नाही. पण तुमच्या नेत्रतज्ज्ञांना सांगून घ्या, आणि दाब मोजायला जाल तेव्हा "मी हा स्प्रे घेतोय" हे न विसरता सांगा. सगळे विचारतात असं नाही.

प्रश्न: जलनेतीने हेच काम होणार नाही का?

उत्तर: काही प्रमाणात होतं. मिठाच्या पाण्याने परागकण आणि शेंबूड धुऊन निघतो, आणि धुतलेल्या नाकात नंतर मारलेला स्प्रे चांगला बसतो. म्हणजे क्रम आधी नेती, मग जरा थांबून स्प्रे. उलट केलंत तर औषध धुऊन काढाल. एक अट मात्र पक्की: पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं थेट नको. क्वचित, पण पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्याच्या घटना आहेत, आणि तो आजार जीवघेणा असतो.

प्रश्न: माझी मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला चालली आहे. तिला इथे पावसाळ्यानंतर दर वर्षी असाच त्रास होतो. ती सोबत काय नेऊ?

उत्तर: आधी इथे ॲलर्जीची चाचणी करून घ्या. गाजर गवताची निघाली, तर रॅगवीडचा त्रास होईल असं धरून चाला. रॅगवीडचा हंगाम साधारण ऑगस्टच्या मध्यापासून पहिलं हिम पडेपर्यंत. तिने जुलै अखेरीस, म्हणजे सामान भरतानाच, स्प्रे सुरू करावा. तिकडे यातले काही स्टिरॉइड स्प्रे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात, त्यामुळे ढीगभर न्यायची गरज नाही, एक-दोन बाटल्या चिठ्ठीसह पुरे. ॲलर्जीविरोधी थेंबांची एक बाटली ठेवा. आणि निघण्याआधी तिचं औषधांचं पाऊच एकदा तुम्ही स्वतः उघडून बघा. त्यात कोणी प्रेमाने दिलेली, डोळे लाल झाले की घालायची एखादी बाटली असेल, तर तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. स्टिरॉइडची असेल तर ती इथेच राहू दे.